तिळगूळ घ्या, समोर बोला

इचलकरंजी, २०२५

६ जानेवारी, सोमवार
सकाळी चहाचं आधण ठेवलं. डबा उघडला. आतूनच म्हटलं, "अहो, साखर संपली." हे हात धुऊन, ताट घेऊन हजर. "भाकर थापली म्हणालीस न्हवं? वाढ की." सकाळचे साडेसात. मी ताटाकडे बघतेय, हे परातीकडे. मग दोघंही हसत सुटलो. सूनबाई दात घासत बाहेर आली, काय झालं म्हणून. गुळाचा चहा केला. छान झाला होता.

८ जानेवारी
मीठ आणायला सांगितलं. हे ज्वारीचा डबा खांद्यावर घेऊन गिरणीला जाऊन आले. पीठ अजून कोमट होतं. मीठ शेजारच्या वहिनींकडून वाटीभर.

९ जानेवारी
हळू बोललं की "काय?" मोठ्यानं बोललं की "ओरडतीस कशाला?" मधला आवाज सापडत नाही. संध्याकाळी घसा बसला.

१० जानेवारी, शुक्रवार
हे बाजाराला निघाले. नातीनं माडीवरून सांगितलं, "आजोबा, येताना टॅबचा चार्जर आणा." तासाभरानं आले ते दोन किलो गाजरं घेऊन. "लालभडक बघून घेतल्यात. बाईनं खाऊन बघायला दिलं."

नात खाली आली. पिशवीत डोकावली. त्यांच्या समोर उभी राहिली आणि ओठ मोठे करून म्हणाली, "चा-र्ज-र." ह्यांनी पिशवीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "मग तुझा टॅब आज हलव्यावर चालव."

११ जानेवारी
नातीनं जुन्या वहीतलं पाठकोरं पान काढून फ्रिजवर चिकटवलंय. दोन रकाने. 'आम्ही म्हणालो' आणि 'आजोबांनी ऐकलं'. साखर, भाकर. मीठ, पीठ. चार्जर, गाजर. हे जवळ जाऊन वाचतात. "तिसरं झकास जमलंय." स्वतःच विचारतात, आज काय मिळालं?

हलवा सगळ्यांना पुरला. दूध जरा कमी पडलं.

१२ जानेवारी, रात्री
"ऐकलंस? माग चालू हायत अजून."

आमच्या मागच्या अंगाचा कारखाना करोनानंतर बंद झाला. माग भंगारात गेले. शेडमध्ये आता टेम्पो उभे असतात. माग ह्यांच्या कानात चालू आहेत. रेडिओ अगदी हळू लावून ठेवला. त्यानं झोप लागते म्हणतात.

१९६४ साली, मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, कांड्या पोचवायला म्हणून शेडमध्ये गेले. जॉबर झाले, म्हातारे होऊन बाहेर पडले. साध्या मागाची ती खडखड. शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. सगळे ओठ बघून बोलायचे, हातानं बोलायचे. सूत तुटलं, धोटा अडकला, मालक आला, चहा आला, सगळ्याला खुणा. लग्न झाल्यावर घरातही मला चहाची खूणच करायचे. मला वाटायचं, माणूस अबोल आहे.

१४ जानेवारी, संक्रांत
हे दारात खुर्ची टाकून पोरांना तिळगूळ वाटत बसले. "तिळगूळ घ्या, मोठ्यानं बोला." प्रत्येकाला. गल्लीतली पोरं पुन्हा पुन्हा येत होती, नुसतं ओरडायला मिळावं म्हणून. संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली मोठ्यानं बोलायला लागली.

१६ जानेवारी
नात : "वायफाय गेलं!"
हे ताडकन उभे : "काय काय गेलं? कपाट बघितलं का?"
पानावर नोंद झाली.

१९ जानेवारी, रविवार
नणंदेकडची सगळी जेवायला. थोरलाही पुण्याहून आलेला. तांबडा, पांढरा, सुकं मटण. घर भरलेलं. पंखा जोरात, टीव्ही चालू, आत मिक्सर. भाचेजावयांनी कसली तरी गंमत सांगितली. सगळे हसले. हेही हसले, जरा उशिरा. मग शेजारी वाकून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही मामा, जाऊ दे."

ह्यांनी मान हलवली. रस्सा ओरपला. पुन्हा हशा झाला. ह्यांनी विचारलं नाही. तिसऱ्यांदा सगळे हसले तेव्हा उठले. "पान खाऊन येतो." पाहुणे निघाले तरी परतले नव्हते.

२० जानेवारी
भाचेजावयांनी मुद्दाम काही केलं नाही. चांगला मुलगा आहे. पंगतीत कोण पुन्हा सांगत बसतं? तरी ते 'जाऊ दे' डोक्यातून जात नाही. गाजरं आली तेव्हा आम्ही त्यांच्याबरोबर हसलो. काल ते त्याच खोलीत बसून बाहेरचे झाले.

२२ जानेवारी
कट्ट्यावर गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले.

२३ जानेवारी
गुडघा दुखत नाही. जिना दोनदा चढले.

२४ जानेवारी
नात फ्रिजपाशी उभी. "आज्जी, आजोबा आता चुकत नाहीत?"
बोलतच नाहीत.

२५ जानेवारी
२०२० आठवलं. सगळ्यांच्या तोंडाला मास्क आले आणि ह्यांचं ऐकणं एकदम गेलं. दुकानदार, कंपाउंडर, बँकेतली मुलगी, कुणाचंच कळेना. कान तेच होते. ओठ झाकले गेले होते. मास्क निघाले आणि ह्यांचं पुन्हा भागायला लागलं. शेडमधली विद्या इतकी वर्षं पुरली.

२८ जानेवारी
मी शाळेत चौथीच्या वर्गाला सांगायचे ती बहिऱ्यांच्या घराची गोष्ट नातीला सांगितली. शेतकरी नांगरत असतो. वाटसरू रस्ता विचारतो. शेतकऱ्याला वाटतं, हा आपले बैल स्वतःचे म्हणतोय. बायको भाकरी घेऊन येते, तिला तो गाऱ्हाणं सांगतो. तिला वाटतं, कालवण खारट झालं म्हणतोय. ती घरी जाऊन सासूवर राग काढते. सासू तिसरंच काही ऐकते. नात लोळून हसली. मी तोंड ह्यांच्याकडे करूनच सांगत होते. हेही हसले. किती दिवसांनी.

त्या गोष्टीतलं प्रत्येक माणूस उत्तर देतं. चुकीचं देतं, पण देतं. ज्याच्या मनात जी काळजी, ती बाहेर येते. बैलांची, मिठाची. कुणी कुणाला जाऊ दे म्हणत नाही. इतकी वर्षं ही गोष्ट सांगितली, हे आज दिसलं.

झोपण्याआधी फ्रिजवरच्या पानाच्या तळाशी लिहिलं : हसलो तर कशाला हसलो ते आजोबांना लगेच सांगायचं. समोर येऊन. नातीनं सही केली. सूनबाईनं केली. धाकट्यानं रात्रपाळीला निघताना केली.

३० जानेवारी
भाजीवाली म्हणाली वीस, हे तीस देऊन आले. ती दहाची नोट घेऊन मागं धावत आली. सूनबाईनं समोर बसून सांगितलं. "मग मेथी चांगली असणारच," म्हणाले. पानावर वीस, तीस.

२ फेब्रुवारी, रविवार
वरच्या गल्लीतले, ह्यांच्या ओळखीतले सायझिंगवाले काल रात्री वारले. हे सकाळी दुधाला निघालेले. त्यांचा मुलगा दारातच भेटला. "बाबा गेले काका, रात्री." हे म्हणाले, "बरं झालं. ह्या दिवसांत हवापालट पाहिजेच. परत कधी?"

घरी येऊन मलाही तेच सांगितलं, ते गावाला गेलेत म्हणून. मला वहिनींकडून आधीच कळलं होतं. ह्यांना खुर्चीवर बसवलं. समोर बसले, हात धरला. सगळं सांगितलं. मुलगा काय म्हणाला, हे काय म्हणाले, ते त्याच्या कानाला कसं लागलं असेल. एकही शब्द गाळला नाही. दूध ओट्यावर तसंच राहिलं. चपला घालून निघाले. अंधार पडेपर्यंत तिथंच होते.

४ फेब्रुवारी
तो मुलगा रात्री येऊन गेला. "काका, तुम्ही काय म्हणालात ते मी आईला सांगितलं. आई म्हणाली, हवापालट हवाच होता त्यांना, दोन वर्षं खाटेवर होते." सांगताना हसला, मग रडला. ह्यांनी त्याला जवळ घेतलं. मी चहा टाकला.

५ फेब्रुवारी
"कान दाखवून येऊ," हे आपणहून म्हणाले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. कोल्हापूर
एसटीनं गेलो. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कान तपासले. मळ नाही, पडदा ठीक. मग ऑडिओलॉजिस्टकडे. लहानशी मुलगी, नातीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. आवाज न शिरणारी काचेची खोली. ह्यांना आत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं.

हे सारखं दाबायला लागले. मुलगी बाहेरून बघते, तिनं तर काही वाजवलेलंच नाही. ती आत गेली. "आजोबा, कशाला दाबताय?" "माग वाजतोय की." तिला लगेच कळलं. मग एकसुरी आवाजाऐवजी डुलणारा आवाज लावला. तो कानातल्या मागापासून वेगळा ओळखू येतो म्हणाली.

आलेख दाखवला. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या. जाड आवाजांना दोन्ही रेषा वर, बऱ्या. बारीक आवाजांकडे जाताना घसरत खाली. चार हजारांच्या खुणेपाशी दोन्हीकडे खड्डा. मुलीनं मला विचारलं, "कारखान्यात होते?" न सांगता ओळखलं. यंत्रांच्या आवाजानं गेलेल्या कानात तो खड्डा तिथंच असतो. वयानं जातं ते बारीक आवाजांच्या टोकाकडून जातं. ह्यांचं दोन्ही झालंय.

म्हणाली, अ, आ, ओ हे स्वर जाड आवाजाचे, ते ह्यांना पोचतात. स, श, थ, फ, क बारीक आणि दुबळे, ते वाटेतच गळतात. म्हणून आवाज येतो, शब्द येत नाही. मग मेंदू काय करतो? रिकाम्या जागा भरा. आयुष्यभर मी फळ्यावर लिहिलेला प्रश्न. ह्यांचा पेपर दिवसभर चालू असतो, आणि बहुतेक जागा बरोबर भरतात. चुकतात त्या फ्रिजवर जातात.

ओरडून उपयोग नाही, हेही तिनं सांगितलं. ओरडलं की स्वर फुगतात, व्यंजनं आणखी झाकली जातात. आणि अशा कानाला हळू आवाज पोचत नाही, मोठा मात्र एकदम टोचतो. म्हणजे "काय?" आणि "ओरडतीस कशाला?" दोन्ही खरं होतं. बरं वाटलं मला.

आतल्या कानात केसांसारख्या टोकांच्या पेशी असतात. जन्मतः एका कानात साधारण पंधरा हजार. गेल्या की माणसाला परत येत नाहीत. पक्ष्यांना येतात.
"म्हणजे कोंबडं बरं," हे म्हणाले.
मुलगी इतकी हसली की तिला पेन खाली ठेवावं लागलं. हसून झाल्यावर वाकून, ह्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "आजोबा, मी कोंबड्याला हसले." मला ती फार आवडली.

८ फेब्रुवारी
थोरल्याचा फोन. त्यानं शोधून काढलंय : आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आवाजानं येणारा बहिरेपणा कळवण्याजोगा आजार म्हणून आहे. ह्यांना वाचून दाखवलं. "आम्ही कानात सुताचा बोळा घालायचो," म्हणाले. "तो पण आमचाच."
आपल्या गावातल्या शेडमध्ये किती जणांना कुणी कधी कानाला लावायला काही दिलं? ह्यांच्याबरोबरचे किती जण आज घरात गप्प बसून असतील.

१० फेब्रुवारी
थोरल्यानं आणखी एक पाठवलं. लॅन्सेटच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, टाळता येण्याजोगी १४ कारणं दिलीत, त्यात कमी ऐकू येणं आहे. हे मी ह्यांना वाचून दाखवलं नाही. यंत्राचे पैसे मात्र त्याच दिवशी काढायला सांगितले.

१५ फेब्रुवारी, शनिवार
यंत्रं आली. कानामागं बसतात, बारीक तार आत जाते. बॅटरी ३१२ नंबरची, वर तपकिरी चिकटी. चिकटी काढली की हवा लागून ती चालू होते. मिनिटभर थांबून मग यंत्रात घालायची. नातीला हे काम मिळालं. बोटं बारीक आहेत तिची.

परत येताना एसटीत हे सगळ्यांकडे टकामका बघत होते. "तिकिटाचं यंत्र केवढं करकरतं."

१६ फेब्रुवारी
आज ऐकू आलेलं : वर्तमानपत्राचं पान. प्लॅस्टिकची पिशवी. स्वतःचं चावणं. फ्रिज. कुकरच्या शिट्टीला दोन्ही हात कानावर. माझ्या बांगड्या. "ह्या नवीन केल्यास?" आईनं घातलेल्या आहेत, लग्नातल्या.

१७ फेब्रुवारी
नातीनं गळ्यात हात टाकले. यंत्रानं शिट्टी मारली. काही जवळ आलं की होतं तसं. ती दचकली, मग पुन्हा मिठी मारून बघितली. पुन्हा शिट्टी. आता जाता-येता तेच चाललंय.

२० फेब्रुवारी
यंत्रं खणात. "सगळंच एकदम येतं. भांड्यात आणि बोलण्यात फरकच कळत न्हाई." ऑडिओलॉजिस्ट मुलीला फोन केला. इतकी वर्षं मेंदूला हे आवाज मिळालेले नाहीत, त्याला पुन्हा शिकावं लागतं. आधी शांत खोलीत, एका माणसाशी, तासभर. मग वाढवायचं. एकदम लग्नाच्या मांडवात न्यायचं नाही.

२१ फेब्रुवारी
दुपारी दार लावून दोघं बसलो. पंखा बंद. मी बोलले, हे ऐकत होते. काय बोलायचं सुचेना म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचं बोलले. ह्यांना वाटत होतं मी तेव्हा रुसले होते. मी रुसले नव्हते, दाढ दुखत होती. ते आज ऐकलं त्यांनी.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
देवळात घंटा वाजली. यंत्र काढून खिशात. बाहेर आल्यावर घातलं.

३ मार्च, सोमवार
ज्येष्ठ नागरिक संघात कान तपासणी. आज जागतिक श्रवण दिन. तीन तारीख, तिसरा महिना. ३ आणि ३ हे दोन कानांसारखे दिसतात, म्हणून हा दिवस. भिंतीवर पोस्टर होतं : जगात दीडशे कोटींहून जास्त लोकांना कमी-अधिक प्रमाणात ऐकू येत नाही, २०५० पर्यंत ते अडीचशे कोटींच्या घरात जातील. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अहवाल.

बायका मागंच उभ्या. "आम्हाला काय झालंय?" मी पुढं जाऊन बसले, म्हणजे बाकीच्या येतील. आल्या.

माझा डावा कान बारीक आवाजांना उतरलाय. अजून थोडाच आहे, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. हे शेजारी उभे होते. तपासणारी मुलगी काय म्हणाली ते मला पूर्ण कळलं होतं, तरी ह्यांनी माझ्या समोर येऊन, सावकाश, सगळं परत सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

वहिनींनी खर्चाचं विचारलं. ज्यांची ऐपत नाही त्यांच्यासाठी राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, २०१७ पासून. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरच्यांना, वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर, ३००० रुपये खात्यात येतात. तेवढ्यात सगळं भागत नाही. पण विचारायला तरी जावं.

५ मार्च
रात्री उजव्या कुशीवर झोपले की माझा चांगला कान उशीत. हे काय म्हणाले कळलं नाही. ह्यांनी दिवा लावला, उठून बसले, माझ्याकडे तोंड करून पुन्हा म्हणाले. "उद्या दूध जास्त घ्यायचंय." एवढंच होतं. एवढ्यासाठी दिवा लावला.

१३ मार्च, होळी
आंघोळीला यंत्रं काढलेली, घालायची राहिली. पुरणपोळ्या चालू. मी तव्यापासून विचारलं, "गोळी घेतली का?"
"दोन घेतल्या. तूप घालून."
माझा हात तव्यावरच थांबला. धावत जाऊन पाकीट बघितलं. रक्तदाबाची आजची गोळी जागेवर. दोन पोळ्या घेतल्या होत्या. त्यांना समोर बसवून गोळी दिली आणि कशाला पळाले ते सांगितलं. "तिसरी पोळी गोळीबरोबर," म्हणाले. नातीनं पानावर लिहिलं, लाल पेननं. औषधाचं लाल पेननं लिहायचं असं तिनंच ठरवलं. आता गोळ्यांचं तोंडी विचारायचं नाही, डबीत वारांचे कप्पे करायचे. उद्याच आणते.

१७ मार्च
सूनबाई ओरडली, "दूध उतू गेलं!"
हे वर्तमानपत्रातून : "सूत कुठं गेलं?"
नात जवळ गेली, कान बघितला. "आजोबा, यंत्र घातलंय तुम्ही."
"घातलंय की. पण तुझ्या पानावर जागा हाय न्हवं?"
सूनबाई ओटा पुसता पुसता हसत होती.

१९ मार्च, रंगपंचमी
यंत्रं डबीत, डबी कपाटात, किल्ली माझ्याकडे. हे खुणांनी बोलत पोरांत. पोरांना धोटा अडकल्याची खूण शिकवली. दिवसभर तेच चाललं होतं.

२२ मार्च, शनिवार
कट्ट्यावर गेले. आले तेव्हा चेहरा उजळलेला. चपला काढायच्या आधी सांगायला लागले.
एक म्हणाला, "पेन्शन आली का?"
दुसरा म्हणाला, "टेन्शन कसलं?"
तिसरा म्हणाला, "स्टेशनला कोण गेलंय?"
तिघंही एकमेकांवर चिडलेले. ह्यांना तिन्ही ऐकू आलं. मग एकेकाच्या समोर उभं राहून प्रत्येकाला सांगितलं, तू काय म्हणालास, ह्यानं काय ऐकलं, त्यानं काय ऐकलं. सगळे हसले. ज्यांना सगळ्यात कमी ऐकू येतं ते सगळ्यात शेवटी हसले, पण त्यांना सांगून होईपर्यंत कुणी उठलं नाही. चहाचे पैसे त्यांनीच दिले.
"दोघं येणार हायत तपासायला. तिसऱ्याला त्याच्या सुनेकरवी सांगू."
आजचा दिवस मी लिहून ठेवतेय कारण ह्यांचा असा चेहरा कारखाना सोडल्यापासून बघितला नव्हता.

२५ मार्च
भाचेजावयांचा फोन. ह्यांनी घेतला, यंत्र घालून. बराच वेळ बोलले. जानेवारीत सगळे कशाला हसले ते विचारलं. त्यांना आठवेना. "मग दुसरी एखादी सांग," म्हणाले. त्यांनी सांगितली. हे हसले. मग मला समोर येऊन सांगितली. विशेष नव्हती. मी हसले.

२८ मार्च, शुक्रवार
संघाच्या फळ्यावर पाडव्याआधी चार ओळी लिहायला सांगितल्यात. निवृत्त झाल्यापासून खडू हातात घेतला नव्हता. एवढं लिहून आले :

कमी ऐकू येणाऱ्याशी बोलताना त्याच्या समोर या. तुमच्या तोंडावर उजेड असू द्या. पंखा, टीव्ही, मिक्सर थांबवा. ओरडू नका, सावकाश बोला. कळलं नाही तर दुसऱ्या शब्दांत सांगा. भलतंच ऐकू आलं तर खुशाल हसा, पण कशाला हसलात ते त्याच वेळी त्याला सांगा. 'काय झालं?' असं विचारलं तर 'जाऊ दे' म्हणू नका. आपल्या मागवाल्यांनो, तुमच्यापैकी बहुतेकांचे कान शेडमध्ये गेलेत, त्यात लाज कसली? सोमवारी, ७ एप्रिलला, सकाळी दहाला संघात पुन्हा तपासणी आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन या. बायकांनीही यायचं आहे. नावं आधी नोंदवा.